सर्व मुख्याध्यापकांनी नोंद घ्यावी

महाराष्ट्रातल्या शाळेत कायदा दोन वाटांनी शिरतो. पहिली वाट व्हॉट्सॲपची. मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय आयुक्त, संचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख अशा पायऱ्या उतरत मुख्याध्यापकांच्या फोनवर येऊन पडतो, तोवर दुपारचे पावणेतीन झालेले असतात आणि माहिती तीन वाजेपर्यंत हवी असते. वर 'अतितातडीचे', खाली 'विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील'. मुरलेले मुख्याध्यापक आधी 'निरंक' असं उत्तर पाठवून मोकळे होतात आणि काय विचारलं होतं ते मग सावकाश वाचतात. कधीकधी विचारलेलं असतं, 'आपल्या शाळेत कार्यरत शिक्षकांची संख्या किती?'

दुसरी वाट कपाटाची. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात माध्यमिक शाळा संहिता, खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची 1981 ची नियमावली आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची पुस्तिका ही तीन पुस्तकं कधीकाळी जिंकलेल्या खो-खोच्या ढालीखाली विसावलेली असतात. कपाटाची किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क टपाल द्यायला पंचायत समितीत.

पहिल्या वाटेने येणारा कायदा काहीतरी मागतो. दुसऱ्या वाटेचा काहीतरी देतो. शाळा पहिल्याला घाबरते आणि दुसरा उघडून बघत नाही, अशी ही सगळी गोम आहे.

मागणाऱ्याचा उरक दांडगा. 2015 मध्ये ठरलं की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. हेतू उत्तम. पण या हिशेबाने तीस किलोच्या गुटगुटीत पोराला तीन किलो विद्या वाहता येते आणि वीस किलोच्या किडकिडीत पोराला दोनच किलो. ऑगस्ट 2022 मध्ये हुकूम आला की वर्गात 'आपले गुरुजी' म्हणून शिक्षकाचा फोटो लावा. गुरुजी स्वतः वर्गात उभे असताना. मार्च 2024 मध्ये कळलं की शिक्षकांनी जीन्स-टीशर्ट घालू नये, पुरुषांनी शर्ट खोचावा आणि डॉक्टर लावतात तसं नावाआधी इंग्रजीत 'टीआर' लावावं. शर्ट खोचण्याबाबत ज्येष्ठ शिक्षकांची अडचण तात्त्विक नव्हती, ती भौगोलिक होती. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, जूनमध्ये तो सुधारून आला, आणि जून सरायच्या आत दोन्ही रद्द झाले. ज्या शाळेने तो शांतपणे वाचायला घेतला होता, तिचं वाचन संपेपर्यंत निर्णयच संपला.

त्यामुळे शाळेत एक पक्की समजूत रुजली आहे: कायदा म्हणजे नोंद. पोषण आहाराच्या खिचडीची चव मुलांना वाढण्याआधी घ्यायची, ती विषबाधा टळावी म्हणून. प्रत्यक्षात चव नोंदवहीत 'रुचकर' असा शेरा पडतो, आणि तो कधीकधी तांदूळ धुण्याआधीच पडलेला असतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, कारण शाळा गावाने चालवावी अशी त्यामागची कल्पना आहे. त्या समितीचं इतिवृत्त मुख्याध्यापक रात्री जेवणानंतर एकटे बसून लिहितात. सूचक, अनुमोदक, चर्चा, एक सौम्य मतभेद आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर', सगळं एकाच हस्ताक्षरात. दुसऱ्या दिवशी वही मुलांबरोबर घरोघरी फिरते. 'आईची सही घेऊन ये' म्हटलं की लोकशाही घरपोच होते.

आता कपाटातलं पुस्तक उघडू. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 अगदी आटोपशीर आहे: मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही, केल्यास सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. यातला पूर्वार्ध शाळांनी मान्य केला. छडी गेली, लाकडी डस्टर गेलं, कोंबडा फक्त स्नेहसंमेलनातल्या नाटुकलीत उरला. उत्तरार्धापाशी मात्र स्टाफरूम अडते. 'म्हणजे बोलायचंसुद्धा नाही?' बोलायचं की. पण 'उद्यापासून म्हशी राखायला जा', 'तुझ्या बापालाही सातचा पाढा येत नव्हता', 'खोकं आहे नुसतं, आत काही नाही' ही जी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली गद्यपरंपरा आहे, ती कायद्याच्या भाषेत मानसिक त्रास ठरते. काही गुरुजींचं निम्मं अध्यापन या तीन वाक्यांवर चालायचं. त्यांच्यापुढे विषय शिकवण्यावाचून पर्यायच उरला नाही.

यावर दोन पळवाटा सुचवल्या जातात. पहिली: हा कायदा 6 ते 14 वयाचा, म्हणजे नववीपासून हात मोकळा. तसा तो नाही. भारतीय न्याय संहितेत दुखापतीच्या कलमाला इयत्ता नसते. दुसरी पळवाट पालकच देतात: 'सर, मारा हवं तर, पण शिकवा.' शिक्षकाला ही परवानगी वाटते. पण पालकाने तोंडी सोडलेला हक्क हा मुलाचा असतो, पालकाचा नाही. आणि शिवाय असं बोलणाऱ्या पालकाची पोलीस ठाण्यातली भाषा वेगळी असते. तिथे ते 'हवं तर' कुणालाही आठवत नाही.

शाळेतला सर्वांत ताकदवान दस्तऐवज कोणता? प्रगतिपुस्तक नव्हे, प्रवेशाच्या नोंदींचं जनरल रजिस्टर. ज्या काळी जन्माचे दाखले दुर्मिळ होते, त्या काळात आजी नातवाला हाताला धरून शाळेत आणायची आणि सांगायची, 'पानशेत फुटलं तवा रांगत व्हता.' गुरुजी छताकडे बघून हिशेब करायचे आणि लिहायचे: 1 जून. शाळा जूनमध्ये भरते, वयात बसायला ती तारीख सोयीची. परिणाम असा, की महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून 31 मे रोजी सरकारी कचेऱ्यांत नारळ आणि शाली कमी पडतात. गुरुजींच्या एका फटकाऱ्याने माणसं नोकरीला लागली आणि घरी गेली. आज ती तारीख बदलायला जा, शाळा संहिता आडवी येते: पूर्वपरवानगीशिवाय नोंदीत बदल नाही. मुख्याध्यापक कितीही सद्गृहस्थ असोत, त्यांच्या हातात पांढरी शाई नाही.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर हीच रजिस्टरं, काही मोडी लिपीतली, ट्रंकांमधून बाहेर आली. ज्यांच्याकडे तोवर वाळवीखेरीज कुणी वळून पाहिलं नव्हतं, त्यांच्यापुढे गावातले पुढारी हात जोडून उभे राहिले. नवीन शिक्षकाला प्रशिक्षणात मूल्यमापन, रचनावाद वगैरे पुष्कळ शिकवतात. 'बाळ, रजिस्टरमध्ये लिहिलेलं खोडू नकोस' एवढं कुणी सांगत नाही.

याच रजिस्टरातून जन्म घेतो तो शाळा सोडल्याचा दाखला, आणि दाखला हे अनेक खाजगी शाळांचं वसुलीचं हत्यार. फी थकली, दाखला ओलीस. वास्तविक शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 म्हणतं, की आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा. उशीर केल्यास कारवाई मुख्याध्यापकावर. नव्या शाळेनेही दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. म्हणजे ज्याला ओलीस धरलं आहे त्याच्यावाचून कुणाचंच अडत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक नसल्यामुळे वाटाघाटी मात्र वर्षभर चालतात. फीची थकबाकी वसूल करायला कायद्याचे वेगळे मार्ग आहेत. पण नोटीस काढायला वकील लागतो, दाखला अडवायला फक्त ड्रॉवर लागतो.

कलम 13 ची कथा याहून सुरस. प्रवेशासाठी देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड, आणि मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेतली तर पहिल्या वेळी 25 हजार, पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. मुलाखती त्यामुळे बंद झाल्या आणि 'इंटरॅक्शन' सुरू झालं. त्यात शाळा प्रश्न विचारत नाही, फक्त आस्थेने चौकशी करते: बाबा काय करतात, कुठल्या मजल्यावर राहता, पार्किंग एक की दोन. मूल बिचारं कोपऱ्यात ठोकळे रचत असतं. त्याला वाटतं, बाबांना ॲडमिशन मिळायला हवी, खूप घामाघूम झालेत.

आतापर्यंतचं सगळं मुलांच्या बाजूचं झालं. याच कायद्यात शिक्षकांच्या बाजूचं एक कलम आहे, 27 वं. शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपायचं नाही. अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं. तीन अपवाद म्हणजे फार नाहीत, असं परगावच्या माणसाला वाटेल. पण आपल्याकडे निवडणुका ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत असतात, आपत्ती बारमाही असते आणि दशवार्षिक जनगणना 2011 नंतर 2021 ऐवजी थेट 2027 वर गेल्याने मधली सहा वर्षं 'आता होणार' या धाकातच गेली. मतदार याद्यांचं काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलं होतं. हे ज्या शिक्षकाला माहीत असतं तो नम्रपणे अर्ज करू शकतो. माहीत नसतं तो हगणदारीमुक्तीच्या काळात गुड मॉर्निंग पथकात जाऊन पहाटे उघड्यावर बसणाऱ्या पालकांवर शिट्टी फुंकून आला, आणि त्याच दिवशी अकरा वाजता त्याने त्याच पालकांच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं.

पुढचंच कलम 28 शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला बंदी करतं. त्याचं पालन शंभर टक्के होतं. शिकवणी बायकोच्या नावावर असते.

नोकरीचा कायदा तर शिक्षकांनी उशाशी घेऊन झोपावा असा. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977. नाव उच्चारेपर्यंत तास संपतो, म्हणून सगळे त्याला 'एमईपीएस' म्हणतात. यातलं कलम 7 राजीनाम्याविषयी आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करायची, तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःपाशी ठेवायची. नोकरी लागताना एवढा सोपस्कार नसतो, मग सोडताना का? कारण कायदा करणाऱ्यांना संस्थाचालक माहीत होते. नेमणुकीच्या दिवशीच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन तो तिजोरीत ठेवायचा आणि वेळ आली की वर तारीख चढवायची, ही कला आपल्या शिक्षणसम्राटांना काही परदेशातून आणावी लागली नव्हती. कलम 7 म्हणजे त्या तिजोरीला लावलेलं कुलूप आहे. आता टेबलावर पेन पुढे करून 'करा सही' म्हणणाऱ्या अध्यक्षांना शिक्षक अदबीने म्हणू शकतो, 'साहेब, तुमचा माझ्यावर विश्वास आहे, पण कायद्याचा पोस्टावर आहे.'

बडतर्फीचंही तसंच. नियमावलीत चौकशी समिती तिघांची सांगितली आहे: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. आदर्श शिक्षक पुरस्काराचा शाल-श्रीफळापलीकडे काही उपयोग असतो याचा हा बहुधा एकमेव लेखी पुरावा. कामावरून काढलंच, तर शाळा न्यायाधिकरणात अपील करायला 30 दिवस असतात. त्यातले पहिले दहा दिवस शिक्षक आमदारांना भेटतो, पुढचे दहा अध्यक्षांच्या मेहुण्याला, आणि उरलेले दहा दोघांच्या उत्तराची वाट पाहतो. एकतिसाव्या दिवशी वकील. तो पहिला प्रश्न तारखेचाच विचारतो.

आणि संस्थाचालकांनो, गालात हसू नका. चौकशीत शिक्षकाला बोलू न देता घरी पाठवलं की न्यायाधिकरण त्याला परत पाठवतं, मागच्या पगारासकट. चार पानी आरोपपत्र नीट न लिहिल्याची किंमत कित्येक वर्षांचा पगार ही असू शकते. मुलांना उत्तराची मांडणी सुबक हवी म्हणून दोन गुण राखून ठेवणाऱ्या संस्थेला हे कळायला जड जाऊ नये.

शिक्षकी पेशा उदात्त आहे, हे आपण शिक्षकदिनी म्हणतो. न्यायालयांनी ते गांभीर्याने घेतलं, त्यातून घोटाळा झाला. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ठरवलं, की औद्योगिक विवाद कायद्याच्या दृष्टीने शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा कामगार नव्हे, कारण शिकवणं ही कामगिरी वेगळ्या उंचीची आहे. उद्योग आहे, पण कामगार कुणी नाही! 2004 मध्ये असाच निकाल ग्रॅच्युइटीबाबत लागला: 1972 च्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत शिक्षक बसत नाही. शिपाईमामा बसतात, क्लार्क बसतात, ज्यांनी दोघांना शिकवलं ते गुरुजी बाहेर. शेवटी संसदेने 2009 मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही 3 एप्रिल 1997 पासून लागू धरून, आणि खाजगी शाळांनी दिलेलं आव्हान 2022 मध्ये फेटाळलं गेलं. थोडक्यात, भाषणात कुणी फार उदात्त म्हणायला लागलं तर शिक्षकाने टाळ्या वाजवण्याआधी व्याख्या तपासावी.

मग आला 1 सप्टेंबर 2025. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं. ज्यांची पाचहून कमी राहिली त्यांना सूट, पण बढती हवी असेल तर त्यांनाही पेपर. मुख्य प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं. कित्येक वर्षं 'परीक्षेला घाबरायचं कशाला?' असं मुलांना विचारणाऱ्या स्टाफरूममध्ये त्या दिवसापासून मुलांपेक्षा जास्त अभ्यास चालू आहे. मोकळ्या तासाला बालमानसशास्त्राचे गाईड उघडे, आणि समोरून जाणारं साक्षात बालमानस 'सर, ग्राउंडवर जाऊ?' विचारतंय, त्याला उत्तर मिळतं, 'जा रे, अभ्यास करू दे.'

इथवर हसता येतं. पुढचं कलम हसण्याचं नाही. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं, की असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची भीती वाटली, तरी ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. न कळवल्यास कलम 21: सहा महिन्यांपर्यंत कैद; आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर उलटी जबाबदारी येत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. शाळेने आधी 'अंतर्गत चौकशी' करावी, संस्थेची बैठक बोलवावी, दोन्ही बाजूंना चहा पाजावा असं कायद्यात कुठेही नाही. ऑगस्ट 2024 च्या, बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आरोपीबरोबरच शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही माहिती वेळेत न दिल्याचा गुन्हा नोंदला गेला. बऱ्याच शाळांत हे कलम लोकांना ऐकून माहीत झालं ते त्यानंतर, बातम्यांमधून. शाळेचं नाव जपण्याची आपली हौस जुनी आहे. पण नाव जपायचं तर मूल आधी जपावं लागतं, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नव्हे, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावा लागतो.

मोजून पाहिलं तर शिक्षकाला आणि मुख्याध्यापकाला खरोखर लागणारी कलमं अर्ध्या पानावर मावतात. 17, 5, 13, 27, राजीनाम्याचं 7, अपिलाचे 30 दिवस आणि पॉक्सोचं 19. वर्गात 'आपले गुरुजी'च्या फोटोला जागा सापडलीच आहे, तर त्याच्या शेजारी हे अर्धं पान चिकटवायला हरकत नाही. मथळे दोनच पुरेत: 'या गुरुजींनी तुमच्याशी काय करायचं नाही' आणि 'या गुरुजींकडून कुणी काय करून घ्यायचं नाही'. मोठ्या टायपात, सोप्या मराठीत. चौथीतलं एखादं चौकस पोर मधल्या सुट्टीत ते वाचेल आणि विचारेल, 'सर, यात 27 मध्ये लिहिलंय ना, मग तुम्ही काल गणिताच्या तासाला कागदांचा गठ्ठा घेऊन गावात का हिंडत होता?' सर आधी 'गप्प बस' म्हणायला तोंड उघडतील, मग त्यांचं लक्ष 17 कडे जाईल आणि ते तोंड मिटतील. त्या क्षणी त्यांना ते कलम स्वतः पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचावं लागेल. आणि शंभरातल्या निदान दहा वेळा तरी सरांच्या लक्षात येईल, की पोराचं बरोबर आहे.